मुलींना रस्ते कळत नाहीत, म्हणे

"मुलींना रस्ते कळत नाहीत" हे वाक्य मी किती तोंडून ऐकलंय याची मोजदाद नाही. रिक्षावाले काका, ट्रेकच्या ग्रुपमधली मुलं, लग्नाला निघालेल्या गाडीत पुढच्या सीटवर बसलेले मामा. आता रील्सही आहेत. उजवीकडे म्हणत डावीकडे हात दाखवणारी बायको, इंडिकेटर एकीकडचा देऊन दुसरीकडे वळणारी स्कूटीवाली, मोबाईल गोल गोल फिरवत उभी असलेली मैत्रीण. हसलं नाही तर "तुला विनोद कळत नाही" हे आहेच.

विनोदापर्यंत मी सोडूनही दिलं असतं. पण हल्ली त्याला विज्ञानाची फोडणी दिली जाते. "अगं, सायंटिफिकली प्रूव्ह झालंय ते. पुरुष शिकारीला जायचे, बायका गुहेजवळ फळं गोळा करायच्या. म्हणून पुरुषांच्या मेंदूत नकाशा असतो." हे सांगणारा माणूस बहुधा स्वतः गूगल मॅप्स लावून आलेला असतो, ती गोष्ट वेगळी.

माझं भांडण या फोडणीशी आहे. अनोळखी जागेचा नकाशा मेंदू कसा तयार करतो, याबद्दल गेल्या पन्नासेक वर्षांत बरंच कळलंय. ते नीट वाचलं तर प्रश्न असा पडतो: एखाद्या पोरीच्या डोक्यात शहराचा नकाशा नसेल, तर तो बनू कोणी दिला नाही?

सुरुवात उंदरांपासून करावी लागेल. १९७१ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये जॉन ओकीफ आणि जोनाथन दोस्त्रोव्हस्की यांनी उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात अतिशय बारीक तारा बसवल्या आणि उंदराला मोकळं फिरू दिलं. त्यांना दिसलं की काही पेशी उंदीर एका ठरावीक जागी आला की उत्तेजित होतात आणि एरवी गप्प असतात. एक पेशी या कोपऱ्यासाठी, दुसरी त्या भिंतीजवळच्या जागेसाठी. या झाल्या प्लेस सेल. पुढे २००५ साली नॉर्वेत मे-ब्रिट मोझर आणि एडवर्ड मोझर यांच्या प्रयोगशाळेला शेजारच्या भागात ग्रिड सेल सापडल्या. या पेशी जमिनीवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षट्कोनी जाळी अंथरल्यागत ठरावीक अंतराने उत्तेजित होतात. डोकं कोणत्या दिशेला वळलंय हे सांगणाऱ्या पेशी वेगळ्या, जागेची कड कुठे आहे ते सांगणाऱ्या वेगळ्या. २०१४ चं नोबेल ओकीफ आणि दोघा मोझरांना मिळालं, तेव्हा "मेंदूतला जीपीएस सापडला" असे मथळे सगळीकडे झळकले.

हा मथळा मला कधीच पटला नाही. जीपीएसला काही शिकावं लागत नाही. आयुष्यात पहिल्यांदा परभणी स्टेशनला उतरलात तरी फोनवर निळा ठिपका बरोबर जागी येतो, कारण नकाशा दुसऱ्या कोणीतरी आधीच करून ठेवलेला असतो. मेंदूचं तसं नाही. मेंदूला प्रत्येक नवी जागा पायाखाली घालून घ्यावी लागते.

१९९३ साली मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी हे घडताना पाहिलं. त्यांनी उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधल्या शंभरच्या आसपास पेशींचं काम एकाच वेळी टिपलं. उंदीर आधी पेटीच्या ओळखीच्या अर्ध्या भागात फिरत होता. मग मधला अडसर काढला. नव्या भागात शिरल्यावर पेशींची भाषा सुरुवातीला अडखळती होती, पण उंदीर हिंडू लागला तसा काही मिनिटांतच नव्या जागेचा नकाशा घट्ट होत गेला. त्याच शोधनिबंधात आणखी एक गोष्ट नोंदवलेली आहे. उंदीर नव्या जागेत असताना, इतर पेशींना दाबून धरण्याचं काम करणाऱ्या पेशींचा जोर कमी झाला होता. म्हणजे नवी जागा दिसली की मेंदू आपला ब्रेक सैल करतो. बहुधा नव्या जोडण्या पटकन व्हाव्यात म्हणून.

मुलगी नव्या शहरात गेली की घर काय सैल करतं ते तुम्हाला माहीत आहे.

पुढच्या वर्षी त्याच दोघांनी दाखवलं की दिवसा फिरताना ज्या पेशी जोडीने उत्तेजित झाल्या होत्या, त्या नंतर झोपेतही जोडीने उत्तेजित होतात. दिवसभराची चाल झोपेत पुन्हा चालली जाते. भटकणं बिछान्यावर पडल्यावरही संपत नाही.

आणि एक प्रयोग १९८९ चा. उंदराला कापडात आवळून धरलं आणि एखादी पेशी एरवी जिथे हमखास उत्तेजित व्हायची, नेमक्या त्याच जागेवरून हातात धरून नेलं. पेशी जवळजवळ गप्प. जागा तीच, डोळे उघडे, मेंदू तोच. फरक एवढाच की पाय त्याचे नव्हते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला बाबांच्या स्कूटरवर मागे बसून ओलांडलेलं माझं अख्खं तालुक्याचं गाव आठवलं. शाळा, क्लास, मामाचं घर, परत घर. बारा-तेरा वर्षं. त्या गावातला एसटी स्टँडच्या मागचा भाग मला आजही सांगता येणार नाही. माझ्या भावाला येतो, कारण पाचवीत त्याला सायकल मिळाली आणि सोबत "दूध घेऊन ये" हे निमित्त. दूध आणायला त्याला दीड तास लागायचा. एकदा तो धरणाच्या रस्त्याला चुकला आणि अंधार पडल्यावर घरी आला, तर ती गोष्ट आमच्याकडे अजून पाहुण्यांना कौतुकाने सांगतात. मला क्लासवरून यायला अर्धा तास उशीर झाला, तेव्हा गोष्ट झाली नाही, चौकशी झाली. मला सांगितलेला नियम सोपा होता: ज्या रस्त्याने जाशील त्याच रस्त्याने ये.

आता एकाच रस्त्याने रोज जा-ये करून डोक्यात काय तयार होतं? एक दोरी. नकाशा व्हायला दोऱ्या एकमेकींना छेदाव्या लागतात. कॅरोल लॉटन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९४ साली नोंदवलं की बायका वाट लक्षात ठेवताना बहुधा वळणांचा क्रम धरतात, पुरुष दिशांचा अंदाज धरतात, आणि वाट चुकण्याची धास्ती बायकांना जास्त वाटते. हे वाक्य "बघा, आम्ही म्हणत होतो" म्हणून उद्धृत केलं जातं. पण जिला लहानपणापासून एकच दोरी दिली, ती दोरी धरूनच चालणार. आणि चुकल्यावर कौतुक होत नसून उलटतपासणी होते हे जिला माहीत आहे, तिला धास्ती वाटणार नाही तर काय वाटेल?

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो प्रयोग जुना आहे, १९३० चा. एडवर्ड टोलमन आणि होन्झिक यांनी उंदरांचे गट भूलभुलैयात सोडले. एका गटाला शेवटी खाऊ मिळायचा. दुसऱ्याला काहीच मिळायचं नाही. ते उंदीर नुसते हिंडायचे, चुकायचे, रेंगाळायचे. वरवर पाहता काही शिकत नव्हते. अकराव्या दिवशी त्यांच्याही वाटेच्या शेवटी खाऊ ठेवला. बाराव्या दिवशी त्यांनी रोज खाऊ मिळणाऱ्या उंदरांना गाठलं होतं. दहा दिवस बिनकामाचे फिरताना त्यांनी आतल्या आत वाटा साठवल्या होत्या. १९४८ साली टोलमनने यालाच मनातला नकाशा म्हटलं. प्लेस सेल सापडायला त्यानंतर वीसेक वर्षं लागली.

म्हणजे काम नसताना फिरणं हेच नकाशाचं काम. आणि आपल्याकडे मुलीला बाहेर पडताना विचारला जाणारा पहिला प्रश्न कोणता? "काय काम आहे?"

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं मुंबईवरचं 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक २०११ साली आलं. बाई रस्त्यावर असेल तर तिच्याकडे कारण असावं लागतं, नसलं तर तिला कारण असल्यासारखं दिसावं लागतं, आणि म्हणून खरी मागणी बिनकारण रेंगाळण्याच्या हक्काची आहे, असं त्या म्हणतात. फोनवर बोलत असल्याचं नाटक, हातात फाईल, झपाझप चाल. हे आपण सगळ्याच करतो. त्या लेखिका शहराबद्दल बोलत होत्या, टोलमन उंदरांबद्दल. मला दोन्ही एकत्र वाचताना एकच दिसतं: कारणाशिवाय हिंडायला न मिळणाऱ्या माणसाला शहर येत नाही.

आपली भाषाच बघा ना. पुरुष भटकला की 'भटकंती' होते, तिची सदरं निघतात, पुस्तकं निघतात, यूट्यूब चॅनेल निघतात. बाई भटकली की 'भटकभवानी'. गावभर हिंडते. उंडगी. घरात पाय ठरत नाही. या शब्दांना पुल्लिंगी जोड शोधून पाहा. सापडली तरी तिच्यात तेवढं विष नसतं.

"पण मोजल्यावर फरक दिसतो की नाही?" असं विचारणारे असतात आणि प्रश्न रास्त आहे. दिसतो. वाट शोधण्याच्या बऱ्याच चाचण्यांमध्ये पुरुषांची सरासरी वर असते, हे मी नाकारत नाही. पण तो फरक सगळीकडे सारखा नाही. २०१६ साली सी हीरो क्वेस्ट नावाचा एक मोबाईल गेम आला. नकाशा बघून घ्यायचा, मग आठवणीतून बोट चालवत खुणेच्या जागा गाठायच्या. गेम खेळणाऱ्यांची माहिती शास्त्रज्ञ अभ्यासत होते. २०१८ साली त्यांनी ५७ देशांतल्या साडेपाच लाखांहून जास्त लोकांचे निष्कर्ष छापले. ज्या देशात शिक्षण, कमाई, राजकारण यांत स्त्री-पुरुष विषमता जास्त, त्या देशात वाट शोधण्यातलं अंतरही जास्त. जिथे समानता, तिथे अंतर कमी. आता, अशा आकड्यांतून थेट कारण सिद्ध होत नाही, हे ते शास्त्रज्ञही म्हणतील. पण गुहेतल्या शिकाऱ्याचा सिद्धांत मांडणाऱ्याने एवढं तरी सांगावं की त्या शिकाऱ्याची जनुकं देशाची सीमा ओलांडताना पासपोर्ट दाखवून ढिली कशी होतात?

बोलिव्हियाच्या जंगलात त्सिमाने नावाचे लोक राहतात. शेती, शिकार, मासेमारी, रानातलं गोळा करणं यावर जगतात. म्हणजे फोडणीवाल्यांच्या सिद्धांताला अगदी हवे तसे. डोळ्यांआडच्या ठिकाणाची दिशा ओळखण्याची त्यांची क्षमता तपासली, तेव्हा बाई-पुरुषांत फरक सापडला नाही. वयानेही फरक पडला नाही. हा अभ्यास २०१६ चा. त्याची रील मी अजून पाहिलेली नाही.

माझी आजी त्सिमाने नव्हती, पण तिला गावाभोवतीचं सगळं रान पाठ होतं. सरपण कुठे मिळतं, पावसाळ्यात कुठली वाट बंद होते, ओढा कुठे उतरता येतो. तिला आम्ही पुण्याला आणलं की सोसायटीच्या गेटपाशी "कोणत्या बिल्डिंगीत जायचं गं" म्हणून थांबायची आणि सगळे हसायचे. मेंदू एकच होता. एका जागी ती पन्नास वर्षं पायांनी फिरली होती, दुसऱ्या जागी तिला गाडीतून आणून लिफ्टने वर चढवलं होतं.

लंडनच्या टॅक्सीवाल्यांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. तिथल्या काळ्या टॅक्सीचा परवाना हवा तर शहराच्या मध्यापासून सहा मैलांच्या परिघातले सुमारे २५,००० रस्ते पाठ लागतात. त्यात तीन-चार वर्षं जातात. एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० साली दाखवलं की या चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. त्या अभ्यासात १६ चालक होते, सोळाही पुरुष. मग शंका आली की मुळातच मोठा हिप्पोकॅम्पस असलेले लोक टॅक्सीकडे वळत असतील. २०११ साली मॅग्वायर आणि कॅथरीन वूलेट यांनी ७९ शिकाऊ उमेदवारांना सुरुवातीपासून तपासलं. सुरुवातीला कोणाच्या मेंदूत वेगळं काही नव्हतं. त्यातले ३९ पास झाले आणि वाढ फक्त त्यांच्यातच दिसली. हे उमेदवार बहुतेकदा स्कूटरवरून, पाऊसपाण्यात, गल्ली न् गल्ली पालथी घालत शिकतात. "अंधारायच्या आत ये" असं त्यांना कोणी सांगत नसावं.

गंमत अशी की स्वतः मॅग्वायर बाईंना रस्ते अजिबात लक्षात राहत नसत, हे त्या उघड सांगायच्या. मे-ब्रिट मोझर, एलिनॉर मॅग्वायर, आणि त्यांच्या आधी हिप्पोकॅम्पस गेला की नव्या आठवणी बनणं कसं थांबतं हे १९५० च्या दशकात दाखवून देणाऱ्या ब्रेंडा मिलनर. रस्ते आणि आठवणी मेंदूत कशा बसतात हे जगाला सांगणाऱ्यांत या बायका आहेत. आणि प्रयोगशाळेतले उंदीर? २००९ साली छापलेल्या प्राण्यांवरच्या संशोधनाची मोजणी झाली तेव्हा मेंदूविज्ञानात फक्त मादीवर केलेल्या एका अभ्यासामागे फक्त नरावर केलेले साडेपाच अभ्यास निघाले. तिथेही फिरायला आधी नरच.

आता फोनविषयी, कारण तो विषय कोणीतरी काढणारच. "तुमची पिढी मॅप्समुळे आळशी झाली, फोन बंद करा आणि शहरात हरवून बघा" असे लेख दर महिन्याला येतात. त्यांच्यामागचं विज्ञान खोटं नाही. २०१७ साली लंडनमध्येच २४ जणांना सोहो भागातल्या रस्त्यांवरून पडद्यावर फिरवलं. स्वतः वाट शोधताना नव्या रस्त्यात शिरलं की हिप्पोकॅम्पसमध्ये हालचाल वाढायची; पुढे पर्याय जितके जास्त तितकी जास्त. यंत्र सांगेल तसं वळताना ती वाढ दिसली नाही.

पण हा सल्ला देणारा सहसा पुरुष असतो, आणि "हरवून बघा" हे त्याला सहज सुचतं. रात्री नऊ वाजता स्वारगेटला पहिल्यांदा उतरलेल्या मुलीला फोन बंद करायला सांगण्याची माझी तरी हिंमत नाही. निळा ठिपका ही तिची चैन नव्हे. तिचं लक्ष तसंही रस्त्यावरच्या खुणांकडे नसतं. मागून येणारी बाईक हळू का झाली, पानटपरीवरचे चौघे का बघताहेत, पुढचा दिवा चालू आहे का, यात ते संपतं. फोन आहे म्हणून निदान घरचे तिला त्या शहरात पाठवतात.

आणि नेमकं इथेच गळ्याला फास बसतो. फोन दिला जातो तो लाइव्ह लोकेशनसकट. व्हॉट्सॲपवर पंधरा मिनिटं, एक तास, आठ तास असे पर्याय असतात. माझ्या ओळखीच्या मुलींना आठ तास सोडून दुसरा पर्याय आहे हे ठाऊकही नसतं. रोजच्या वाटेपासून ठिपका दोन गल्ल्या हलला की मेसेज येतो, "तिकडे कशाला?" स्कूटरवरच्या बाबांची जागा आता ठिपक्याने घेतली आहे. पाय तिचे आहेत, पण कापड आवळलेलंच.

हॉस्टेलचं तेच. मी राहायचे तिथे मुलींना साडेआठ, शेजारच्या मुलांच्या इमारतीला वेळच नाही. स्पर्धा परीक्षेची एकच पुस्तकं, एकच मेस, एकच लायब्ररी. रात्री अकराला मुलं चहाला कुठे कुठे जायची आणि सकाळी आम्हाला सदाशिव पेठेतले शॉर्टकट शिकवायची. दिल्लीत २०१५ साली मुलींनी या वेळांविरुद्ध 'पिंजरा तोड' म्हणत आंदोलन केलं, तेव्हा "एवढ्या रात्री काय काम असतं?" हाच प्रश्न आला. परत तेच, काम.

यात फक्त रस्ते जात असते तर एवढं लिहिलं नसतं. रस्ता रिक्षावाल्यालाही विचारता येतो. पण हिप्पोकॅम्पस जागा आणि आठवणी वेगवेगळ्या कपाटांत ठेवत नाही. कुठे घडलं हे काय घडलं याला चिकटलेलं असतं. चार वर्षं पुण्यात राहून हॉस्टेल-क्लास-हॉस्टेल एवढंच शहर घेऊन घरी परतलेल्या मुली मला माहीत आहेत. "पुणं कसं होतं?" विचारलं की त्या खोलीबद्दल सांगतात. चार वर्षांच्या वयाला चिकटायला जागाच मिळाली नाही. त्यांच्याच वर्गातले मुलगे त्याच चार वर्षांवर रात्रभर बोलू शकतात.

याच सी हीरो क्वेस्टच्या माहितीवरून २०२२ साली आलेला अभ्यास सांगतो की माणूस लहानपणी कशा रस्त्यांत वाढला याचा ठसा मोठेपणीही उरतो. म्हणून "मोठी झाल्यावर हिंड हवी तेवढी" हे उत्तर मला पुरत नाही. आठ वर्षांच्या मुलीला सायकल द्या आणि दूध आणायला पाठवा. तिला दीड तास लागू द्या. सुरक्षिततेचं काय, तर रस्त्यावरचे दिवे, रात्रीच्या बस, स्वच्छ संडास आणि टपरीवर चहा पिणाऱ्या बायका वाढवा. मुलींचे तास कापू नका. रस्त्यावर बायका कमी म्हणून रस्ता भीतीचा, आणि रस्ता भीतीचा म्हणून बायका कमी. हा गुंता मुलींनी खोलीत बसून सुटणार नाही.

आम्ही चौघी गेले काही महिने रविवारी फिरतो. काम काही नसतं. नियम एकच: ज्या रस्त्याने गेलो त्या रस्त्याने यायचं नाही. गेल्या रविवारी मंडईतून निघून बोहरी आळीतून पुढे सरकत कसबा पेठेत शिरलो आणि चुकलो. एकीने फोन काढला, दुसरीने तो तिच्या पर्समध्ये परत टाकला. मग कुठूनसे हातोड्याचे ठोके ऐकू आले. "तांबट आळी," तिसरी म्हणाली. तिला कसं माहीत, तर दोन रविवारांपूर्वी आम्ही दुसऱ्या बाजूने तिथे आलो होतो, आणि तेव्हा भांड्यांच्या दुकानाशी उभं राहून तिने तिच्या आईशी फोनवर वीस मिनिटं भांडण केलं होतं. कशावरून? "तिकडे कशाला?" यावरूनच.